संगणक-सल्ला : तात्पुरत्या फाइलींची जागा बदलल्यावर सर्व्हर का बंद पडतो?

प्रश्न : आमच्या घाऊक किराणा पेढीचे हिशेब विंडोजवरील मायएसक्यूएल ८.० या डेटाबेस सर्व्हरमध्ये आहेत. वर्षभराच्या उधारीचा ग्राहकवार अहवाल डिस्कवर जागा नसल्याचा संदेश देऊन अर्ध्यावर तुटतो. सी ड्राइव्ह लहान आहे, डी मात्र जवळजवळ रिकामा आहे. टेम्प फोल्डर साफ करूनही फरक पडला नाही, म्हणून सेटिंगच्या फाइलीत डी ड्राइव्हवरील ‘टेम्प’ फोल्डरचा पत्ता दिला. तेव्हापासून सर्व्हर सुरू होताच बंद पडतो. काय करावे?
— एक वाचक, मस्जिद बंदर, मुंबई

उत्तर : सर्वप्रथम एक कळकळीची विनंती. सर्व्हर सुरू होत नाही म्हणून डेटा फोल्डरातील ‘आयबी’ने सुरू होणाऱ्या फाइली कृपया पुसू नका. त्यांतील काहींची नावे तात्पुरत्या फाइलींसारखी वाटत असली, तरी आपले हिशेब त्यांच्यावरच अवलंबून आहेत.

आपण साफ केलेले टेम्प फोल्डर बहुधा आपल्या स्वतःच्या लॉगिनचे होते. सर्व्हर विंडोजची सेवा (पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्राम) म्हणून चालतो तेव्हा तो बहुतेक वेळा ‘नेटवर्क सर्व्हिस’ या वेगळ्या खात्याखाली चालतो, आणि त्या खात्याचे टेम्प फोल्डर निराळे असते. मोठी क्रमवारी मेमरीत मावली नाही की तिचे तुकडे तेथे लिहिले जातात, म्हणजे आपल्या सी ड्राइव्हवरच. त्यामुळे जागा बदलण्याचा आपला निर्णय योग्यच होता.

चूक बहुधा पत्ता लिहिण्याच्या पद्धतीत आहे. मायएसक्यूएलच्या सेटिंग फाइलीत बॅकस्लॅश (\) आणि त्यापुढील ‘टी’ हे अक्षर मिळून टॅब हे मोकळ्या जागेचे चिन्ह समजले जाते. आपल्या फोल्डरचे नाव इंग्रजीत ‘टी’नेच सुरू होते, म्हणून सर्व्हरला दिसणारा पत्ता भलताच असतो. सुरू होतानाच इनोडीबीला (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) त्या जागी काही तात्पुरत्या फाइली तयार कराव्या लागतात, आणि त्या करता आल्या नाहीत तर सर्व्हर पुढे जातच नाही. पत्त्यात बॅकस्लॅशऐवजी साधा स्लॅश (/) वापरावा, किंवा बॅकस्लॅश दोनदा लिहावा.

तरीही सर्व्हर बंद पडला, तर अंदाज न बांधता डेटा फोल्डरातील ‘ईआरआर’ या विस्ताराची एरर लॉग फाइल, म्हणजे त्रुटींची नोंदवही, उघडावी. तेथे त्रुटी क्रमांक २ असेल तर फोल्डर किंवा पत्ता सापडलेला नाही. १३ असेल तर सेवेच्या खात्याला तेथे लिहिण्याची परवानगी नाही, आणि ती फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमधून त्याच खात्याला द्यावी लागेल. २८ म्हणजे जागा संपली. नवे फोल्डर आणि डेटा फोल्डर ही दोन्ही अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळावीत, कारण सर्व्हर वापरत असलेली फाइल त्याने मध्येच अडवून ठेवली तरी असेच बिघाड होतात.

एवढ्याने सी ड्राइव्हवरील सगळा ताण जाईल असे मात्र नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये डिस्कवर बनणारी अंतर्गत तात्पुरती टेबले (अहवाल काढताना सर्व्हर स्वतःसाठी बनवतो ती) इनोडीबीच्या वेगळ्या फाइलींत राहतात, आणि त्या फाइली मुळात डेटा फोल्डरात असतात. विंडोजवर हे फोल्डर सहसा सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रामडेटा’त असते. तेव्हा पत्ता दुरुस्त करून सर्व्हर सुरू झाल्यावर प्रथम पूर्ण बॅकअप घ्यावा, मग तोच अहवाल चालवून सी ड्राइव्हवरील मोकळ्या जागेवर लक्ष ठेवावे. ती पुन्हा झपाट्याने घटू लागली, तर डेटा फोल्डरच डी ड्राइव्हवर हलवणे हा खरा उपाय आहे, आणि ते काम पेढी बंद असताना, सेवा थांबवूनच करावे.