एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असलेल्या आईचे पाय जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी का गळून जातात?
दादा, हा आळस नाही, हे आधी घरातल्यांना सांगा. एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं. त्यामुळे स्नायूपर्यंत निरोप अडखळत पोचतो आणि चार पावलांत पाय जड होतात. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी हे बळावतं. उष्णतेच्या या परिणामाला जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांचं नाव आहे; श्रमानंतर नजर तात्पुरती अंधूक होते, हे त्यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ गाठतो! मळ्यातली, बाजाराची कामं सकाळीच उरकू द्या. मानेभोवती ओला रुमाल, गार पाणी, कूलर, मधेमधे टेकणं. हलका व्यायाम मात्र सोडू नका. गारव्यात बसूनही अशक्तपणा २४ तास टिकला, किंवा ताप आला, तर न्यूरोलॉजिस्टना लगेच दाखवा.