उबुंटूवर विंडोज ११ चं व्हर्च्युअल मशीन: इन्स्टॉलरला डिस्क का दिसत नाही?

व्हर्ट-मॅनेजर या व्हर्च्युअल मशीन चालवायच्या प्रोग्रॅममध्ये डिस्कचा बस, म्हणजे ती मशीनला जोडायची पद्धत, ‘व्हर्टआयओ’ (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली वेगवान पद्धत) ठेवला की इन्स्टॉलरला डिस्क न दिसणं होणारच. डिस्क बिघडलेली नाही. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर मुळातच नसतो. त्याऐवजी ‘साटा’ ही नेहमीची पद्धत निवडलीत तर डिस्क लगेच दिसेल, पण वेग कमी मिळेल, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही.

‘व्हर्टआयओ-विन’ या विंडोजसाठीच्या ड्रायव्हर-संचाची आयएसओ (सीडीची प्रतिमा-फाइल) उतरवून घ्या आणि मशीनला दुसरा सीडी-रॉम म्हणून जोडा. डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून त्या सीडीवरच्या ‘व्हायोस्टोर’मधला ‘डब्ल्यू११’ आणि त्याच्या आतला ‘एएमडी६४’ फोल्डर दाखवा. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हाच. ते नाव ६४-बिट रचनेचं आहे, कंपनीचं नाही. नेटवर्क कार्डही व्हर्टआयओचं असेल तर तिथेच ‘नेटकेव्हीएम’ हा त्याचा ड्रायव्हरही लोड करा, नाहीतर पुढे इंटरनेट सापडत नाही म्हणून सेटअप अडून बसतो.

हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही, असा संदेश आला तर रॅम किमान ४ जीबी, डिस्क ६४ जीबी, सिक्युअर बूटसह यूईएफआय (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) आणि टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आहे ना, ते बघा. व्हर्च्युअल टीपीएमसाठी उबुंटूवर ‘एसडब्ल्यूटीपीएम’ पॅकेज लागतं. फर्मवेअर मात्र इन्स्टॉलेशन सुरू करण्याआधीच निवडा. नंतर व्हर्ट-मॅनेजर ते बदलू देत नाही.

विंडोज सुरू झाल्यावर त्याच सीडीवरचं ‘गेस्ट टूल्स’ चालवा. होस्ट (म्हणजे उबुंटू) आणि विंडोजमध्ये कॉपी-पेस्ट आणि खिडकीप्रमाणे बदलणारं रिझोल्यूशन त्यानंतरच मिळतं.