ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचं, सार्वमत रशियानं फिरवलं हे खरं का? आणि बेळगाव सीमाभागात सार्वमत घेतलं तर तसंच होईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सिद्ध झालेलं नाही. पण ते सिद्ध होतंय का, हे बघायलाही कुणी धड बसलं नाही, आणि मला ही गोष्ट जास्त गंभीर वाटते. ब्रिटिश संसदेच्या गुप्तचर समितीचा रशियावरचा अहवाल २१ जुलै २०२० ला बाहेर आला. रशियानं निकाल फिरवला असं त्यात कुठंही नाही. २०१६ च्या सार्वमतात ढवळाढवळ झाली का, हे सरकारनं नंतर तपासलंच नाही, आणि मतदानाची प्रक्रिया राखायची कुणी यावर खात्याखात्यांत टोलवाटोलवी चालली होती, असं मात्र स्पष्ट लिहिलंय. त्यावर सरकारचं म्हणणं, यशस्वी हस्तक्षेपाचा पुरावा आम्हाला दिसला नाही. शोधलाच नाही तर दिसणार कुठून, सांगा की.

फेसबुकवरच्या माहितीवरून मतदार हेरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका कंपनीचं नावही यात हटकून घेतलं जातं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ऑक्टोबर २०२० मध्ये कळवलं की सुरुवातीची काही चौकशी सोडली तर या सार्वमतात त्या कंपनीचं काम आढळत नाही.

आता घरातल्यांकडे या. आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ही ओळ रशियानं लिहिली नव्हती. बाहेर पडा म्हणणाऱ्या 'व्होट लीव्ह'नं ती लाल बसवर रंगवून गावोगाव फिरवली. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजाच केलेली नव्हती. आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं मतदानाआधीच ही दिशाभूल आहे म्हणून सांगितलं, तरी बस फिरतच राहिली. तुर्कस्तान युरोपीय संघात येतोय, हे पत्रकही त्यांचंच. त्या देशाचा अर्ज १९८७ चा, बोलणी सुरू झाली २००५ मध्ये, आणि तो आजही बाहेरच आहे. दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. बाहेर पडायचं ठरलं की लगेच मंदी येईल आणि पाच लाख नोकऱ्या जातील, असं खुद्द अर्थखात्यानं सांगितलं होतं. तशी मंदी काही आली नाही. आणि बाहेरचा हात म्हणाल तर ओबामांनी लंडनमध्ये उभं राहून सांगितलंच होतं की बाहेर पडलात तर व्यापार करारासाठी रांगेत शेवटी उभं राहावं लागेल. तो उघड होता म्हणून त्याला कुणी हस्तक्षेप म्हणत नाही, एवढंच.

निकाल बाहेर पडण्याच्या बाजूनं, ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. फरक साडेबारा लाखांच्या थोडा वर. एवढ्या निसटत्या निकालात कुठल्या थापेनं किती मतं हलवली, हे मोजायचं कुठलंही यंत्र नाही. कुणी छातीठोक सांगत असेल तर तो आपल्याला हवं ते सांगतोय असं समजा.

मी बेळगावच्या शहापुरात छापखाना चालवतो, त्यामुळे माझं लक्ष भलत्याच गोष्टीकडे जातं. निवडणुकीचं साधं हँडबिल छापायचं तरी खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. छापून घेणाऱ्यानं ओळखीच्या दोघांच्या सह्यांनिशी डिक्लरेशन द्यायचं, आम्ही प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गेल्या निवडणुकीत एकजण मजकूर घेऊन आला, "खाली नाव नको, नुसतं 'एक जागरूक मतदार' घाला." म्हटलं, मग मशीनवर चढणार नाही. "ऱ्हाऊ दे मग," म्हणून गेला. रात्री तोच मजकूर, तीच 'निवडणुक'मधली ऱ्हस्व-दीर्घाची चूक, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. छपाईचे पैसेही वाचले त्याचे.

ब्रिटनमध्ये २०१६ साली हेच भगदाड होतं. कागदावरच्या पत्रकाला नाव लागायचं, फेसबुकवरच्या जाहिरातीला नाही. युरोप तुमचा कपभर चहा हिरावून घेणार, असली किटलीचं चित्र घातलेली जाहिरात ठरावीक लोकांनाच दिसायची, शेजाऱ्याला पत्ता नाही. असल्या जाहिरातींचा गठ्ठा लोकांसमोर आला जुलै २०१८ मध्ये. त्याच महिन्यात व्होट लीव्हला ६१ हजार पौंडांचा दंड झाला. खर्चाची मर्यादा ओलांडायला त्यांनी दुसऱ्या गटाच्या नावावर सुमारे पावणेसात लाख पौंड घातले होते, आणि ते परस्पर कॅनडातल्या जाहिरात कंपनीला गेले होते. बघा, पैसा बाहेर गेला, पण धाडणारे घरचेच. डिजिटल जाहिरातीला नाव सक्तीचं करणारा कायदा झाला तो २०२२ मध्ये.

आपल्याकडेही त्याच वर्षी, २०२२ मध्ये, काय झालं ते आठवा. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. १४ तारखेला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवलं आणि नंतर सांगितलं की बड्या नेत्यांच्या नावानं उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी आग वाढवली. असेलही. पण जत तालुक्यातल्या गावांवर हक्काची भाषा कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी स्वतःच्या तोंडानं केली होती. बनावट खातं म्हटलं की खरे बोलणारे अलगद सुटतात.

राहिला दुसरा प्रश्न, सीमाभागातल्या सार्वमताचा. सीमा बदलायचा अधिकार संसदेचा, राज्यघटनेच्या कलम ३ खाली. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. त्यामुळे सार्वमत लगेच होईल असं मला वाटत नाही. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथं मात्र १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. पानं जिंकली, ३४ हजारांच्या फरकानं. मुंबईतल्या गोवेकरांनी मत मागितलं होतं, मिळालं नाही.

म्हणून आपल्याकडे कधी विषय निघालाच तर व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डच्या आधी मी घटक विचारीन, म्हणजे बहुमत मोजायचं कुठल्या हद्दीत. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सभेत लहान पोरालाही पाठ असतं: खेडं हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता, लोकेच्छा. खेड्याऐवजी अख्खा जिल्हा घटक धरला तर खानापूर-निपाणीकडच्या मराठी गावांचं मत कन्नडबहुल सौंदत्ती, रामदुर्गच्या बेरजेत जातं. मतदार यादीत कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली पोरं धरायची का, इथं बदलीवर आलेले सरकारी नोकर धरायचे का, हे त्याच्यानंतर. यातलं काहीही रशियाला किंवा कुठल्या आयटी सेलला ठरवायचं नसतं.