शाईनं खाल्लेल्या जुन्या पोर्तुगीज कागदांवर कोणता उपचार करावा?

तुमच्या घरी गोव्यातले पोर्तुगीज काळातले जमिनीचे हस्तलिखित कागद आहेत. शाई तपकिरी झालीय आणि काही ठिकाणी अक्षराच्या आकाराची भोकं पडलीत. एकजण म्हणतो धुऊन आम्ल काढा, दुसरा म्हणतो लॅमिनेट करा, तिसरा म्हणतो हातच लावू नका. धोका तिन्हींत आहे, पण सारखा नाही.

तुमच्या वर्णनावरून ही मायफळ आणि हिराकशीची शाई दिसते. ती कागदाला दोन वाटांनी खाते. तिच्यातलं आम्ल कागदाचे तंतू तोडतं आणि रंगात न अडकलेलं मोकळं लोह हवेतल्या प्राणवायूच्या मदतीनं तेच तंतू जाळत राहतं. म्हणून नुसतं आम्ल मारून भागत नाही, लोहही बांधावं लागतं. (आपल्या मोडी कागदांवरची काजळीची शाई वेगळी. ती पृष्ठभागावर काळी बसते, पाणी लागलं तर फिसकटते, पण कागदाला भोक पाडत नाही. दोन्हींना एकच इलाज लावू नका.)

आता पाण्याबद्दल. पूर्ण आंघोळीपेक्षा अर्धवट ओल जास्त घातक असते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. कागद पुरेशा पाण्यात बुडाला तर विरघळणारं आम्ल आणि लोह बरंचसं पाण्यात निघून जातं. पण फाटलेल्या जागी खळ लावून पट्टी चिकटवली, तर तेवढ्या ओलीत लोह विरघळतं, अक्षराबाहेरच्या चांगल्या कागदात सरकतं आणि तिथेच वाळतं. पाणी बाहेर न्यायला काही नसतं. काही वर्षांनी पट्टीच्या कडेनं तपकिरी पट्टा उमटतो आणि कागद नेमका तिथेच तडकतो. घरगुती डागडुजीत असं नुकसान होतं.

म्हणून आधी चाचणी. बॅथोफेनॅन्थ्रोलीन या लोह लागलं की रंग बदलणाऱ्या रसायनाच्या तयार पट्ट्या मिळतात. पट्टीचा बारीक तुकडा डिस्टिल्ड पाण्यानं भिजवा आणि जास्तीचं पाणी टिपकागदावर पूर्ण काढून टाका. तुकडा जाड रेघेवर ठेवा, वर पॉलिएस्टर फिल्म धरून बोटानं 30 सेकंद दाबा, मग उचलून काही मिनिटं थांबा. गुलाबी किंवा किरमिजी रंग आला की मोकळं लोह आहे. तुकडा जास्त ओला राहिला तर चाचणीच डाग पाडते. तडकलेल्या अक्षरावर किंवा सहीवर ती करूच नका.

कागद सुटा आहे, शाई मागच्या बाजूला उतरलीय पण तडा नाही आणि चाचणी गुलाबी आली, तर कॅल्शियम फायटेटची आंघोळ हा सध्याचा सर्वांत भरवशाचा उपाय. नेदरलँड्समध्ये योहान नेवेल यांनी 1990च्या दशकात तो मांडला. फायटेट लोहाला बांधून ठेवतं. द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप) साधारण 5.5 ते 6 ठेवतात. सुमारे 20 मिनिटांनी कागद कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात जातो, तिथे आम्ल मरतं आणि थोडा चुना तंतूंत राखीव राहतो. शेवटी पातळ जिलेटिनचा हात. हे संवर्धकाच्या प्रयोगशाळेतलं काम आहे, परातीत करायचं नाही. जमिनीच्या कागदांवर जांभळे शिक्के, रंगीत मुद्रांक आणि नंतरच्या शाईतले शेरे असतात. त्यांतला एखादा रंग पाण्यात सुटला की पुरावाच गेला. तेव्हा प्रत्येक रंगाची वेगळी थेंब-चाचणी आधी व्हायला हवी.

तडे गेलेत, अक्षरं सुटायला आलीत, तर आंघोळ नको. भिजल्यावर कोरा कागद फुगतो, शाईचा भाग तितका फुगत नाही आणि त्या ताणात अक्षर गळून पडतं. अशा वेळी चौरस मीटरला 5 ग्रॅम किंवा त्याहून हलक्या जपानी टिशूवर (लांब तंतूंच्या पातळ कागदावर) आधीच जिलेटिन लावून वाळवतात. लागेल तेवढी पट्टी कापून दमट टिपकागदावर क्षणभर ठेवतात, जिलेटिन जेमतेम चिकट झालं की तड्यावर बसवतात आणि लगेच कोरड्या टिपकागदाखाली दाबतात.

लॅमिनेशनला माझा स्वच्छ नकार आहे. दुकानातलं गरम लॅमिनेशन तर विचारातही घेऊ नका. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म अ‍ॅसिटोननं बसवायची पद्धत आपल्या अभिलेखागारांत बरीच वापरली गेली. पण ती फिल्म जुनी झाली की स्वतःच आम्ल सोडते, लोह आत तसंच राहतं आणि फिल्म काढताना नाजूक अक्षरं जातात. मॅग्नेशियमचे आम्लविरोधी फवारेही या शाईला सोयीचे नाहीत. पीएच फार चढला की रंग आणखी तपकिरी होतो.

राहिला ‘हात लावू नका’. हा सल्ला कोरड्या हवेत ठीक. पण गोव्यात, कोकणात पावसाळ्यात घरातली आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते आणि तेवढ्या दमटपणात लोह पाण्याचा थेंब न लागताही सरकतं. म्हणजे कपाटात ठेवलेला कागद दर जुलैत थोडा थोडा भिजतोच. त्यामुळे आजच करायचं काम वेगळं आहे. कागद सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. प्रत्येक कागद आम्लमुक्त फोल्डरमध्ये घाला. प्लास्टिकच्या बाहीत नको, तिच्या स्थिर विजेनं सुटे कण ओढले जातात. फोल्डर घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा बाहेरच्या भिंतीपासून लांब, आत आर्द्रतामापक आणि आधीच 50 टक्के आर्द्रतेला आणून ठेवलेली सिलिका जेल. साधी कोरडी जेल भरली तर कागद कडक होऊन तडकतो. काटा 45 ते 50च्या आसपास राहिला तर उपचाराचा निर्णय घाई न करता घेता येतो.

संवर्धकाकडे जाताना (मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, लखनौत एनआरएलसी ही राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे) दोन प्रश्न विचारा: मोकळ्या लोहाची चाचणी कुठे कुठे करणार, आणि डागडुजीत पाणी किती वापरणार? उत्तर ‘गव्हाची खळ लावून मागे कागद डकवू’ असं आलं, तर कागद परत घेऊन या.