‘मॅडम, जॅमचा पेपर उघडला की काहीच येत नाही’

दिवाळी झाली की बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊ लागतात. कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, देवगड, कुठलीही असोत, बोलणं साधारण एकच असतं. कॉलेजात आम्ही पहिल्या तिघांत, पण जॅमचा पेपर समोर घेतला की हातपाय गळतात. मग आमचे मार्क खोटे का? जॅम म्हणजे आयआयटींमधल्या एम.एस्सी.साठीची परीक्षा. एकच विषय, 3 तास, 100 गुण. हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की एका मुलीचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून इथे मांडते.

विषय भौतिकशास्त्र. घरची आंब्याची बाग. पहिल्या दिवशी वडीलच आधी बोलले, “चेडू धड जेवणा नाय, धड निजणा नाय. तुमीच कायता सांगा तेका.” ते बाहेर गेल्यावर ती म्हणाली, “मोठ्या शहरातली मुलं क्लास लावून तयारी करतात. आमच्याकडे तसला क्लासच नाही. म्हणून मला सगळं आलंच पाहिजे. नाहीतर फॉर्म भरून काय उपयोग?”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. परीक्षेपेक्षा परीक्षेबद्दल आपण स्वतःला काय बजावतो, ते माणसाला जास्त छळतं, असं माझं ठाम मत आहे. चांगले गुण मिळावेत ही इच्छा अभ्यासाला बसवते. त्या इच्छेचा हट्ट झाला की झोप उडते. पण हे त्या दिवशी मी तिला सांगितलं नाही. असं सांगितलेलं पटतं आणि घरी जाईपर्यंत विसरलं जातं. ‘तू हुशार आहेस’ असा धीरही दिला नाही. तो तिला सगळेच देत होते. म्हटलं, जुना एक पेपर घड्याळ लावून पूर्ण 3 तास सोडव, आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी लिही, हा का सोडवला किंवा का सोडला.

पुढच्या भेटीत ती तो पेपर आणि कच्चे कागद घेऊन आली.

इथे परीक्षेची रचना सांगायला हवी. पहिल्या भागात पर्यायी प्रश्न, म्हणजे दिलेल्या पर्यायांतून एकच बरोबर उत्तर निवडायचे प्रश्न असतात. तिथे उत्तर चुकलं तर 1 गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि 2 गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापतात. दुसऱ्या भागात एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, तिसऱ्यात आकडा काढून भरायचा असतो. या दोन्ही भागांत चुकीला काहीच कापत नाहीत. हिने पहिल्या भागातला एकही प्रश्न सोडला नव्हता, निम्मे तर अंदाजाने ठोकले होते. आणि तिसऱ्या भागात जागा रिकाम्या! कच्च्या कागदावर आकडेमोड होती, काही ठिकाणी तर शेवटचं उत्तरही होतं.

“हे लिहिलं का नाहीस?”

“खात्री नव्हती.”

“आणि पहिल्या भागात खात्री होती?”

“नव्हती. पण प्रश्न सोडला की वाटतं, मी हुशार मुलांतली नाहीच. विद्यापीठाच्या पेपरात मी कधीच प्रश्न सोडला नाही.”

“मग आकड्याचं काय?”

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. “पर्यायावर टिक केली आणि चुकली, तर तो अंदाज होता असं म्हणता येतं. आकडा मी स्वतः काढलेला असतो. तो चुकला म्हणजे मीच चुकले.” थोडं थांबून म्हणाली, “मॅडम, पण तिथे तर चुकलं तरी काही जात नाही.”

हा नियम तिला पाठ होता. पहिल्या दिवशी तिनेच तो मला समजावून सांगितला होता! म्हणजे माहितीची कमतरता नव्हती. कोणता प्रश्न घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे ती ठरवतच नव्हती, तिची भीती ठरवत होती. मग तिने आपणहून कच्च्या कागदावरची उत्तरं ताडून पाहिली. बरीचशी बरोबर निघाली. ती हसली, मग रडली. मी तिला एकही उत्तर सुचवलं नव्हतं, फक्त पुढचा प्रश्न विचारत गेले होते. माणूस स्वतःच्या तोंडून स्वतःचा विचार ऐकतो, तेव्हा तो बदलायची ताकदही त्याच्यात येते. हे अनेकदा पाहिलं आहे, तरी दर वेळी मन भरून येतं.

त्यानंतर आम्ही प्रश्न सोडून देण्याचा सराव केला. पहिल्या फेरीत हातात येतील तेवढेच प्रश्न. अडलं की पुढे. पर्यायी प्रश्नात किमान दोन पर्याय कारणासह बाद झाले तरच उत्तर. आकड्याच्या प्रश्नात निघालं ते भरून टाकायचं. सुरुवातीला प्रश्न सोडताना तिला घाम फुटायचा. ‘हा यावा असं मला मनापासून वाटतं, नाही आला तर वाईट वाटेल, पण म्हणून मी टाकाऊ ठरत नाही’ हे वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. अर्थात वाक्याने स्फटिकरचना कळत नाही. तो भाग आणि इलेक्ट्रॉनिक्स कच्चे होते, ते तिला बसून करावेच लागले. फेब्रुवारीत पेपर झाला. आयआयटी मिळाली नाही. जॅमच्याच गुणांवर एनआयटीत, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, एम.एस्सी.ला जागा मिळाली, आणि ती आनंदाने गेली.

परदेशी जाऊ पाहणाऱ्यांची भीती वेगळ्या वेशात येते. जीआरई म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिची विषयवार परीक्षा आता भौतिकशास्त्र, गणित आणि मानसशास्त्र या तीनच विषयांत होते. गुण 200 ते 990 या पट्टीवर मिळतात, चुकीला कापत नाहीत, म्हणून तिथे प्रश्न कोरा ठेवण्यात काहीच हशील नाही. विद्यापीठांच्या अनेक विभागांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे, काही तर गुण बघतच नाहीत. ज्या विभागांना अर्ज करायचा त्यांची यादी आधी करा, प्रत्येकाची अट वाचा, मगच फी भरा. रसायनशास्त्राची एक मुलगी बंद झालेल्या परीक्षेच्या धास्तीने महिनाभर झोपली नव्हती.

पालकांनो, ‘किती प्रश्न आले?’ हे रोज विचारू नका. विचारायचंच असेल तर ‘आज कुठले सोडलेस आणि का?’ असं विचारा. उत्तर देताना मूल अडखळलं, चिडलं किंवा गप्प झालं, तर अभ्यासाचे तास वाढवण्याआधी त्याच्याशी त्याच प्रश्नावर बोला.