अमेरिकी पेटंटची नोटीस पुण्यात आली तर?

प्रश्न: मी पुण्यात राहतो. मोबाइलमधले फोटो वायफायवरून संगणकावर पाठवणारं माझं ओपन सोर्स (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर एमआयटी लायसन्स या मोकळ्या परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे. आमच्या पेटंटचा भंग होतोय, असं सांगून एका अमेरिकी कंपनीने ईमेलवर पैसे मागितलेत. भारतात सॉफ्टवेअरला पेटंट नसतंच ना? मग दुर्लक्ष करू का?

उत्तर: दुर्लक्ष करू नका आणि घाबरून पैसेही भरू नका.

पेटंट त्या त्या देशापुरतं असतं. पुण्यात बसून कोड लिहिल्याने अमेरिकी पेटंटचा भंग होत नाही. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली ज्या देशांचे निकाल इथे थेट अमलात आणता येतात, त्यांत अमेरिका नाही, त्यामुळे तिथला निकाल घेऊन इथे थेट वसुली करता येत नाही, नव्याने दावा लावावा लागतो. मात्र भारतात सॉफ्टवेअरला पेटंट नसतंच, हे पूर्ण खरं नाही. भारतीय पेटंट कायद्याचं कलम 3(के) निव्वळ प्रोग्रॅमला पेटंट नाकारतं. त्यातून तांत्रिक परिणाम साधत असेल तर पेटंटचा विचार व्हायला हवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फेरिद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणून त्याच कंपनीचं भारतीय पेटंट आहे का, हे भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधी शोधा.

मला जास्त काळजी वाटते ती अमेरिकेत तुमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची आणि तिथल्या सहकाऱ्यांची. तिथे नुसता वापरही भंग ठरू शकतो, फुकट असला तरी. जाणूनबुजून भंग केल्याचं सिद्ध झालं तर कोर्ट तिप्पटीपर्यंत भरपाई लावू शकतं. पेटंट माहीत होतं याचा पुरावा तयार होऊ नये, म्हणून त्याबद्दल प्रकल्पाच्या सार्वजनिक चर्चेत एक अक्षरही लिहू नका.

धीर देणारं उदाहरणही आहे. फोटोंच्याच 'शॉटवेल' सॉफ्टवेअरवरून 2019 मध्ये ग्नोम फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेवर रॉथ्सचाइल्ड पेटंट इमेजिंग या कंपनीने अमेरिकेत दावा लावला. फाउंडेशन पैसे देऊन मोकळं झालं नाही, लढायला उभं राहिलं. 2020 मध्ये तडजोड झाली, आणि मान्यताप्राप्त ओपन सोर्स लायसन्सखालच्या सॉफ्टवेअरवर ती पेटंटं चालवणार नाही, असं रॉथ्सचाइल्डला मान्य करावं लागलं. तुमच्या नोटिशीतलं पेटंट त्याच मालकाचं आहे का, हे जरूर पाहा.

एमआयटीऐवजी पेटंटचं कलम असलेलं अपाचे 2.0 हे ओपन सोर्स लायसन्स घेतल्यानेही ही नोटीस टळणार नाही. ते कोड देणाऱ्यांच्या पेटंटपासून संरक्षण देतं, बाहेरच्या कंपनीपासून नाही.

आता पेटंट क्रमांक, त्याची अर्जाची तारीख आणि तुमच्या पहिल्या कमिटची (कोडच्या पहिल्या नोंदीची) तारीख एकत्र काढा. तुमचा कोड त्या अर्जाआधी प्रसिद्ध झालेला असेल तर बाजू भक्कम होते. मग अमेरिकी पेटंट वकिलाकडून पेटंटमधले 'क्लेम्स' (नेमकं कशावर हक्क सांगितलाय ती कलमं) तपासून घ्या, नुसता गोषवारा नव्हे. तोवर कंपनीला 'पत्र मिळालं, तपासत आहोत' एवढंच कळवा.