वाचकांचे प्रश्न : उपासनेला प्रथमच आलेला माणूस

प्रश्न : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अधूनमधून एखादे नवे कुटुंब येते. उपासना संपताना पाळकसाहेब त्यांना उभे करतात, टाळ्या होतात, आम्ही फूल देतो. तरी ही माणसे सहसा पुन्हा दिसत नाहीत. आमचे कुठे चुकते?
— सेवक मंडळाचा सभासद, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : उभे करणे आधी थांबवा. आलेला माणूस घरी न सांगता आलेला असू शकतो. त्याच्या गल्लीतला कोणी शेवटच्या बाकावर असला, तर संध्याकाळपर्यंत गावात चर्चा होते. तुमच्या मनात स्वागत असते, त्याला मात्र चव्हाट्यावर आणल्यासारखे वाटते.

फूल मिळेपर्यंत तो बिचारा चार-पाच वेळा अवघडलेला असतो. पहिली अडचण दारातच, चपलांची. देवळाच्या सवयीने तो चपला काढतो, आत पाहतो तर सगळे बूट घालून बसलेले. म्हणून उपासनेच्या २० मिनिटे आधीपासून दाराशी एक पुरुष आणि एक स्त्री असावी आणि त्यांनी हे आपणहून सांगावे. त्याने नमस्कार केला, तर नमस्कारच करावा. ‘सलाम’ आपल्या आपल्यात ठीक आहे. ‘तुम्ही कुठल्या मंडळीचे?’ हा प्रश्न नको. आपल्याकडे त्याला जात विचारल्याचा वास येतो.

अगदी पुढे बसवू नका. कधी उठायचे, कधी बसायचे हे तो इतरांकडे पाहून ठरवतो आणि पुढे बसल्यावर त्याला कोणीच दिसत नाही. मागून तिसरे-चौथे बाक बरे. शेजारी रोजच्यातले कोणीतरी हवे, हातात ‘उपासना संगीत’ हे आपले गीतांचे पुस्तक उघडून. गीताचा क्रमांक एकदाच पुकारून लगेच पेटी सुरू झाली, तर पान सापडेपर्यंत पहिले कडवे संपलेले असते. क्रमांक दोनदा सांगा, थोडे थांबा. ‘मत्तय ५, ३ ते १२’ म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, वचने ३ ते १२; पण एवढ्याने नवख्याला काही उमगत नाही. बाकांवरची पवित्र शास्त्रे (बायबल) एकाच आवृत्तीची ठेवली, तर पान क्रमांक सांगता येतो. प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार (सर्वांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली) आपल्याला पाठ असतात, त्याला नसतात. दोन्ही ठळक अक्षरांत एका जाड कागदावर छापा, ‘उभे राहावे’, ‘बसावे’ या सूचनांसह.

पहिले गीत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) घ्या, असा आमचा आग्रह आहे. त्यांनी अभंग-ओवीच्या चालीत पुष्कळ लिहिले. वारकरी घरातला माणूस दुसऱ्या ओळीलाच टाळी धरतो.

दानाची थैली फिरण्यापूर्वी ‘पाहुण्यांनी काही घालायलाच हवे असे नाही’ हे एक वाक्य पुरे. नाहीतर खिसे चाचपण्यात प्रवचनातले सगळे विसरते.

सर्वांत मोठी चूक उपासना संपवणाऱ्या आशीर्वचनानंतर होते. सेवक दान मोजायला, गायकवृंद पेटीभोवती, महिला मंडळ कोपऱ्यात. पाहुणा दोन-तीन मिनिटे एकटा उभा राहतो आणि निघतो. पहिली पाच मिनिटे मंडळीचे कुठलेच काम काढू नये, असा नियमच करा. चहा द्या. फोन नंबर मागू नका. त्याने स्वतःहून दिला, तर आठवड्यात एकानेच एकदा फोन करावा. विचारल्याशिवाय व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर घालूच नका, त्याचा नंबर सगळ्यांना दिसतो.

प्रश्न : प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी बाप्तिस्मा न झालेला माणूस रांगेत आला, तर?

उत्तर : तो प्रसाद समजून येतो, आणि आपल्या मुलखात प्रसाद नाकारणे अपमानाचे मानतात. याच विधीसाठीच्या कॅथलिकांच्या ‘परमप्रसाद’ या शब्दामुळे तर हा समज आणखीच होतो. म्हणून विधी सुरू होण्यापूर्वीच सांगावे : ‘हे भोजन बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आहे, इतरांनी जागेवर बसून प्रार्थनेत सामील व्हावे.’ बाकामागून बाक उठत असेल, तर पाहुणा आपोआप पुढे ढकलला जातो. तेव्हा शेजाऱ्याने हळूच ‘आपण बसू या’ म्हणून त्याच्यासोबत बसून राहावे. तरी कोणी हात पुढे केलाच, तर पाळकांनी हलक्या आवाजात आशीर्वाद द्यावा आणि पुढे जावे. चारचौघांत कारण सांगू नये. ते नंतर, चहाच्या वेळी सांगावे.